खोलीआधी किनारा निवडा: हॅवलॉकला समुद्रकाठच्या छोट्या हॉटेलात राहताना

अंदमानला जाणाऱ्या मराठी माणसाचा प्रवास बहुधा सेल्युलर जेलपासून सुरू होतो, आणि ते योग्यच आहे. १९११ ते १९२१ या काळात सावरकर ज्या कोठडीत होते, तिच्यासमोर उभे राहिल्यावर बाकीचे अंदमान काही काळ विसरायला होते. त्यानंतरचे दोन-तीन दिवस मात्र बहुतेक जण हॅवलॉक बेटासाठी राखून ठेवतात. डिसेंबर २०१८ पासून या बेटाचे अधिकृत नाव स्वराज द्वीप असे झाले असून पोर्ट ब्लेअरचेही सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झाले आहे. तिकिटे काढताना दोन्ही नावे ठाऊक असलेली बरी. बोलण्यात अजून जुनीच नावे चालतात, म्हणून येथेही तीच वापरली आहेत.

हॅवलॉकला मोठी आणि महागडी रिसॉर्ट आहेत, तशीच दहा ते वीस खोल्यांची, नारळ-पोफळीच्या बागेत वसवलेली आणि मागच्या फाटकातून थेट वाळूत उतरणारी छोटेखानी हॉटेलेही आहेत. अलीकडे त्यांना बुटीक हॉटेल म्हणण्याची पद्धत पडली आहे. अशा हॉटेलात पोहण्याचा तलाव असेलच असे नाही, दुसरे उपाहारगृह नसते आणि संध्याकाळी करमणुकीचा कार्यक्रमही नसतो. तेथे जे काही आहे, ते समोरच्या समुद्रात आहे. त्यामुळे समोरचा समुद्र आपल्या उपयोगाचा नसेल तर उत्तम गादी, सुबक बांबूकाम आणि न्याहारीची सुंदर मांडणी असूनही दिवस रिकामा जातो. खोल्यांची छायाचित्रे पाहण्यात दोन संध्याकाळी घालवणारे आपण, हॉटेल बेटाच्या कोणत्या बाजूला आहे हा प्रश्न विचारतच नाही. या लेखात मुख्यतः तोच प्रश्न सोडवायचा आहे. बाकीच्या गोष्टी त्याच्या ओघाने येतील.

पूर्वेचा किनारा आणि पश्चिमेचा किनारा

हॅवलॉकवरचे किनारे क्रमांकांनी ओळखले जातात. बोटीचा धक्का एक नंबरला आहे, बाजार, एटीएम आणि बरीचशी हॉटेले असलेले गोविंदनगर तीन नंबरला, विजयनगर पाच नंबरला आणि प्रसिद्ध राधानगर सात नंबरला. गोविंदनगर, विजयनगर आणि त्यापुढचा कालापत्थर हे किनारे पूर्वेकडे तोंड करून आहेत, तर राधानगर बेटाच्या पश्चिम बाजूला, धक्क्यापासून साधारण बारा किलोमीटरवर आहे. छोट्या हॉटेलांपैकी बहुसंख्य पूर्वेच्या बाजूला आहेत, कारण रस्ता, बाजार आणि वस्ती तिकडेच आहे. राधानगरला राहण्याच्या जागा मोजक्या आहेत आणि त्या सहसा महाग आहेत.

या दोन बाजूंचा समुद्र एकमेकांसारखा अजिबात नाही. राधानगरला पायाखाली स्वच्छ, मऊ वाळू लागते, पाण्यात खडक नाहीत, लाटा येतात आणि भरती असो वा ओहोटी, पोहण्यापुरते पाणी बहुतेक वेळ असते. शिवाय तेथे सूर्यास्त दिसतो. २००४ साली टाइम नियतकालिकाने या किनाऱ्याला आशियातला सर्वोत्तम ठरवल्यापासून त्याची ख्याती वाढली आणि २०२० साली त्याला स्वच्छ आणि सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे ब्लू फ्लॅग मानांकनही मिळाले. पूर्वेच्या किनाऱ्यांवर सूर्योदय दिसतो, पाणी तळ्यासारखे शांत आणि फिकट निळे असते, झाडे वाळूवर ओणवी झालेली असतात; छायाचित्रांत हाच भाग अधिक देखणा येतो. पण त्या निळ्या पाण्याखाली खडक आणि प्रवाळाचे उथळ पठार आहे, आणि ओहोटीला पाणी तेथून पार दूर निघून जाते.

आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा याची काहीच कल्पना नव्हती. विजयनगरच्या बाजूला राहिलो होतो. पहाटे साडेपाचला उठून, अंगाला तेल चोपडून, पंचे खांद्यावर टाकून मंडळी फाटकाबाहेर आली आणि बघतात तर समुद्र जागेवर नव्हता. शे-दोनशे पावलांपर्यंत ओली वाळू, शेवाळलेले खडक, मध्ये गुडघ्यापेक्षाही कमी पाण्याची डबकी, त्यांत अडकलेले बोटभर निळे मासे आणि आमची चाहूल लागताच भोकात शिरणारे खेकडे. बागेतली पाने गोळा करणारा माणूस थांबून म्हणाला, पाणी दुपारनंतर येईल. मुलांनी त्या डबक्यांत दोन तास रमून काढले हे खरे. पण पोहण्यासाठी म्हणून घेतलेली महागाची खोली त्या दिवशी तरी त्या कामाची नव्हती.

याचा अर्थ पूर्वेची बाजू टाळावी असा नाही. माझे मत उलटच आहे: लहान मुले किंवा वयस्क माणसे बरोबर असतील तर पूर्वेचे उथळ, शांत पाणी राधानगरच्या लाटांपेक्षा अधिक सोयीचे पडते, बाजार जवळ असतो आणि राधानगरला एक संध्याकाळ रिक्षाने किंवा भाड्याच्या स्कूटरने जाऊन येता येते. फक्त भरती-ओहोटीच्या वेळा माहीत करून घेऊन दिवस आखला पाहिजे. ज्यांना केवळ पोहायचे आहे आणि बाजार, डायव्हिंगच्या संस्था, इतर उपाहारगृहे यांची गरज नाही, त्यांनी मात्र जादा पैसे मोजून राधानगरला राहावे. मे ते सप्टेंबर या काळात जाणार असाल तर आणखी एक विचार करावा. नैर्ऋत्य मोसमी वारे पश्चिमेकडून थेट राधानगरवर येतात, समुद्र खवळलेला असतो आणि पोहण्यास मनाई करणारे लाल झेंडे वारंवार लागतात. पूर्वेचा किनारा बेटाच्या आडोशाला असल्याने त्या मानाने शांत राहतो.

भरती-ओहोटीचे गणित कोकणात वाढलेल्यांना सांगायला नको. तिथीला पाऊणपट केले की भरतीची वेळ येते, हा आपल्याकडचा ठोकताळा मुंबई-रत्नागिरीला चांगला उपयोगी पडतो. परंतु तो अंदमानात लावू नये, कारण प्रत्येक किनाऱ्यावर भरती पोहोचण्याची वेळ वेगळी असते. तत्त्वे तीच राहतात. दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, प्रत्येक दिवशी ती साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते तेव्हा पाणी जास्त वर येते आणि जास्त दूर जाते, आणि अष्टमीच्या आसपास भांगाच्या पाण्यात हा फरक कमी असतो. अंदमानात उधाणाच्या वेळी पाण्याच्या पातळीत साधारण दोन मीटरचा फरक पडतो. मुंबईच्या मानाने हा आकडा लहान आहे, पण उथळ पठारावर दोन मीटर म्हणजे सगळा समुद्रच ये-जा करतो. तारखा ठरवतानाच दिनदर्शिकेवर तिथी पाहून ठेवावी आणि पोर्ट ब्लेअरच्या भरतीचे वेळापत्रक मोबाइलवर उतरवून घ्यावे. हॅवलॉकलाही जवळपास त्याच वेळा लागू पडतात. वेळ रोज सरकत असल्यामुळे एका रात्रीच्या मुक्कामात सोयीची भरती मिळेलच याची खात्री नसते. म्हणून सहलवाले एक रात्र देत असतील तरी आपण किमान तीन रात्री मागाव्यात.

आरक्षणापूर्वी फोनवर काय विचारावे

संकेतस्थळावर लिहिलेल्या शब्दांचा अर्थ नीट लावून घ्यावा लागतो. बीचफ्रंट याचा अर्थ हॉटेलची जागा किनाऱ्याला लागून आहे एवढाच असतो. तुमची खोली मात्र रस्त्याकडच्या टोकाला, स्वयंपाकघराच्या पाठीमागे असू शकते, कारण हॅवलॉकवरचे भूखंड बहुधा रस्त्यापासून समुद्रापर्यंत लांबट पट्टीसारखे असतात. सी-व्ह्यू म्हटले की झाडांच्या फटीतून निळी रेघ दिसली तरी शब्द खरा ठरतो. त्यातच किनारपट्टीच्या नियमांमुळे पक्के बांधकाम भरतीच्या रेषेपासून अंतर राखूनच करावे लागते, त्यामुळे अंथरुणातून पाय खाली टाकला की वाळू, असे चित्र मनात धरून जाऊ नये. सरळ विचारावे: समुद्राकडून मोजली तर आमची खोली कितव्या ओळीत आहे, आणि मध्ये काय आहे. छोट्या हॉटेलात फोन उचलणारा माणूस बहुधा स्वतः मालक किंवा व्यवस्थापक असतो आणि असा नेमका प्रश्न विचारला की नेमके उत्तर मिळते. मिळाले नाही, तर तेही एक उत्तरच समजावे.

खोल्यांचे प्रकारही समजून घ्यावेत. बांबूची किंवा झावळ्यांच्या छपराची झोपडी हवेशीर आणि स्वस्त असते, पण पावसात दमट होते आणि शेजारच्या झोपडीतली कुजबुजही ऐकू येते. खांबांवर उभारलेल्या गोलसर छपराच्या खोलीला निकोबारी कॉटेज म्हणतात. ती दिसायला सुंदर असली तरी तिचा जिना उभा असतो, हे गुडघेदुखी असलेल्यांनी लक्षात ठेवावे. सिमेंटच्या खोलीत गंमत कमी, पण एअर कंडिशनर नीट चालतो.

वीज आणि पाणी हे दोन विषय फोनवरच निकालात काढावेत. बेटाची वीज प्रामुख्याने डिझेलवर तयार होते आणि ती जाते. प्रत्येक हॉटेल आपल्याकडे जनरेटर असल्याचे सांगते. विचारायचे ते असे की, त्यावर रात्रभर एअर कंडिशनर चालतो की फक्त दिवा आणि पंखा. उन्हाळ्यात, म्हणजे मार्च-एप्रिलनंतर गोड्या पाण्याची टंचाई होते. खोलीत पाणी जपून वापरण्याची सूचना लावलेली असते, ती शोभेची नसते.

आमची एका हॉटेलात झालेली फसगत येथे नोंदवतो; हॉटेलचे नाव सांगण्याचे कारण नाही. समुद्राकडची खोली म्हणून पैसे घेतले होते आणि खोली खरोखर समुद्राकडे होती, पण खिडकीसमोर पाच फुटांवर जनरेटरची शेड होती. आवाज आणि धूर दोन्ही वाऱ्याबरोबर आत येत. तक्रार केली तेव्हा व्यवस्थापकाने शांतपणे सांगितले की, छायाचित्र वीज असताना काढलेले आहे. त्यानंतर मी नेहमी जनरेटर खोलीपासून किती लांब आहे हेही विचारतो आणि समोरचा माणूस थोडा थबकतो.

मोबाइलची चिंता आता पूर्वीइतकी राहिलेली नाही. चेन्नईपासून समुद्राखालून टाकलेली सुमारे २,३०० किलोमीटर लांबीची केबल ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झाली आणि तिची शाखा हॅवलॉकपर्यंत आली आहे. तरीही हॉटेलातून कार्यालयाचे काम करण्याचा बेत असेल, तर आपल्या कंपनीचे सिम खोलीत चालते का हे विचारलेले बरे. रोख रक्कम पोर्ट ब्लेअरहूनच काढून न्यावी. बेटावरच्या एटीएमवर अवलंबून राहिलात तर गर्दीच्या दिवसांत ते नेमके रिकामे असते. बरोबर परदेशी पासपोर्ट असलेले मुलगा-सून किंवा नातवंडे असतील, तर त्यांची नोंद हॉटेलला सरकारकडे करावी लागते, म्हणून त्यांच्या पासपोर्ट-व्हिसाच्या प्रती आधीच पाठवाव्यात.

बोट, हवामान आणि एक राखीव दिवस

चेन्नई किंवा कोलकात्याहून विमानाने दोन-सव्वादोन तासांत पोर्ट ब्लेअर गाठता येते. तेथून हॅवलॉकला खासगी जलद बोट साधारण दीड तासात आणि सरकारी बोट अडीच तासांच्या आसपास पोहोचवते. सरकारी बोट स्वस्त असते आणि तिच्या डेकवर वाऱ्यावर उभे राहता येते. जलद बोटी वातानुकूलित आणि बंदिस्त असल्याने ज्यांना बोट लागते त्यांना त्यांत अधिक त्रास होतो. उलटीची गोळी बोटीत बसल्यावर नव्हे, निघण्यापूर्वी अर्धा-एक तास घ्यावी. तिकिटाच्या बाबतीत क्रम महत्त्वाचा आहे: आधी विमान, मग बोट, आणि बोटीची जागा पक्की झाल्यावरच हॉटेलचे परत न मिळणारे पैसे भरावेत. दिवाळी आणि नाताळच्या सुट्टीत खोल्या मिळतात, पण बोटी भरलेल्या असतात.

मान्सून अंदमानात दाखल झाल्याची बातमी आपण दरवर्षी मे महिन्यात वाचतो आणि मग आपल्याकडे पाऊस कधी येणार याचे हिशोब मांडतो. त्या बातमीचा अर्थ असा की, तेथील पाऊस मे महिन्याच्या उत्तरार्धातच सुरू झालेला असतो. जानेवारी ते एप्रिल हा सर्वांत भरवशाचा काळ. नोव्हेंबर-डिसेंबर सुंदर असतात, पण तेव्हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळे तयार होतात. डिसेंबर २०१६ मध्ये अशाच वादळी हवामानात बोटी बंद झाल्या, शेकडो पर्यटक हॅवलॉकवर अडकले आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. त्यामुळे हॅवलॉकहून परतल्याच दिवशी परतीचे विमान पकडण्याचा मोह आवरावा आणि मधली एक रात्र पोर्ट ब्लेअरला ठेवावी. बोट रद्द झाल्यास एक रात्र वाढवून देण्याबाबत हॉटेलचे धोरण काय आहे, हेही आरक्षणाच्या वेळीच लेखी विचारून घ्यावे.

सूर्याच्या घड्याळाने दिवस आखणे

सकाळच्या बोटीने आपण आठ-दहाच्या दरम्यान पोहोचतो आणि खोली दुपारी मिळते. छोट्या हॉटेलात जादा खोल्या नसल्यामुळे आग्रह करून उपयोग होत नाही. पोहण्याचे कपडे, पंचा, टोपी आणि चपला बॅगेत सर्वांत वर ठेवाव्यात, सामान स्वागतकक्षात टाकावे, कपडे बदलायला एखादे सामाईक न्हाणीघर मागावे आणि पाणी असेल तर सरळ समुद्रावर जावे.

अंदमानचे घड्याळ भारतीय प्रमाणवेळेचेच आहे, पण बेटे मुंबईच्या पूर्वेला सुमारे वीस रेखांश अंतरावर असल्याने तेथील सूर्य आपल्यापेक्षा साधारण सव्वा तास पुढे चालतो. डिसेंबरात पाच वाजून गेले की सूर्य मावळतो आणि साडेपाचला अंधार होतो. न्याहारी नऊला, दुपारची झोप, चारला चहा आणि मग फिरायला, या आपल्या सुट्टीच्या क्रमाने गेलो तर राधानगरचा सूर्यास्त हुकतो. त्यासाठी पूर्वेच्या हॉटेलातून तीनलाच निघावे लागते. त्याऐवजी पहाटे पाचला उठणे अगदी सोपे जाते, कारण उजेडच उठवतो. आदल्या रात्री स्वयंपाकघरात सांगून ठेवले तर पहाटेचा चहा खोलीबाहेरच्या ओट्यावर येतो आणि तो पीत सूर्य पाण्यातून वर येताना पाहणे, हेच माझ्या मते पूर्वेच्या हॉटेलात राहण्याचे खरे मोल आहे.

संध्याकाळी आणि पहाटे वाळूमाश्या चावतात. त्या डासांपेक्षा बारीक असतात, चावताना कळत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी पोटऱ्यांवर लाल, खाजरे पुरळ उठते. उघड्या वाळूवर पसरून बसू नये, जाड चादर किंवा खुर्ची घ्यावी, पायांना तेल किंवा मलम लावावे आणि चावलेल्या जागी खाजवू नये. खाजवल्यास डाग आठवडाभर राहतात. खोलीच्या भिंतीवर दिवसा हिरवीगार, लाल ठिपक्यांची पाल दिसली तर आरडाओरडा करू नये. ती अंदमानची खास रहिवासी असून निरुपद्रवी आहे. नारळाच्या झाडाखाली खुर्ची मांडण्याआधी मात्र एकदा वर पाहावे.

पाण्यात उतरताना

अंदमानात खाऱ्या पाण्यात राहणाऱ्या मगरी आहेत. २०१० साली राधानगरजवळच्या पाण्यात एका परदेशी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला होता. अशा घटना विरळ आहेत, पण म्हणूनच आपण बेफिकीर होतो. नियम साधे आहेत: जीवरक्षक असलेल्या आणि खुणा केलेल्या भागातच पोहावे, खाडीच्या मुखाशी आणि खारफुटीजवळ पाण्यात उतरू नये, अंधार पडल्यावर पोहू नये. हॉटेलमधल्या जुन्या नोकराने एखादी जागा नको म्हटले, तर कारण विचारत बसू नये.

पूर्वेच्या खडकाळ पाण्यात रबरी तळाचे बूट घालूनच चालावे. प्रवाळ पायाला कापतो आणि ती जखम लवकर भरत नाही. शिवाय आपल्या एका पावलाने जे मोडते ते वाढायला अनेक वर्षे लागलेली असतात. जिवंत प्रवाळ पाहायचा असेल तर एलिफंट बीचला बोटीने जाऊन स्नॉर्केलिंग करावे. डायव्हिंगच्या संस्था हॅवलॉकवर पुष्कळ आहेत आणि पोहता न येणाऱ्यांनाही त्या प्रशिक्षकाचा हात धरून खाली नेतात. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे किंवा नुकतीच झालेली सर्दी असेल तर अर्जात लपवू नये. डायव्हिंग पहिल्या किंवा दुसऱ्या दिवशी उरकावे, कारण त्यानंतर विमानात बसण्यापूर्वी किमान अठरा तास जाऊ द्यावे लागतात.

एक गोष्ट जाताना विचारून ठेवावी: भूकंप झाला तर उंचावर जाण्याचा रस्ता कोणता. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी या बेटांनी पाहिलेली आहे. जमीन बराच वेळ हलली किंवा समुद्र अवेळी आणि झपाट्याने मागे गेला, तर सामान न आवरता, सूचनेची वाट न पाहता आतल्या बाजूला चढावर जायचे असते.

जेवण

हॅवलॉकवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेली कुटुंबे वसवली गेली. गोविंदनगर, राधानगर, श्यामनगर, कृष्णनगर ही गावांची वैष्णव नावे त्यांचीच. त्यामुळे छोट्या हॉटेलांच्या स्वयंपाकघरात बहुधा बंगाली हात असतो, मोहरीचे वाटण चांगले होते आणि भात उत्तम मिळतो. मेनूकार्ड बाजूला ठेवून आज सकाळी काय मासे आले, हे विचारावे. सुरमई, कुपा, तांब, हेकरू यांपैकी काहीतरी असते. आख्खा मासा दाखवायला सांगावे, डोळे आणि कल्ले पाहावेत, आणि दर नगावर आहे की वजनावर हे शिजण्याआधी ठरवून घ्यावे. नुसते मीठ-हळद लावून तळून मागितला तर तो आपल्या घरच्यासारखा मिळतो. शाकाहारी मंडळींनी निघण्यापूर्वीच कळवावे, कारण भाजीपाल्याचा बराचसा भाग बोटीने येतो आणि बोट चुकली की बटाट्यावर भागवावे लागते. भाजणी, मेतकूट आणि लसणाची चटणी नेण्यात लाज वाटून घेऊ नये. एका मुक्कामात आमच्या मेतकुटाची चव आचाऱ्याला इतकी आवडली की उरलेली पुडी तेथेच द्यावी लागली.

जेवणाची वर्दी दोन-तीन तास आधी दिली तर स्वयंपाक ताजा होतो. हाक मारायला आपला दादा हा शब्द बंगालीतही थोरल्या भावासाठीच आहे, त्यामुळे तो येथे सहज खपतो आणि काम लवकर होते. बक्षिसी एकाच वाढप्याच्या हातात न देता स्वागतकक्षातल्या पेटीत टाकावी. आचारी, माळी आणि वाळू झाडणारी बाई कधी टेबलाशी येत नाहीत.

निघताना

शेवटच्या दिवशीची बोट दुपारची असेल तर सकाळी पोहून ओले कपडे तसेच बॅगेत भरावे लागतात, म्हणून एक जाड पिशवी जवळ ठेवावी. पाण्याची बाटली भरून घ्यावी आणि प्लास्टिकचा कचरा शक्यतो बरोबर परत आणावा, कारण बेटावर त्याची विल्हेवाट लावण्याची सोय तोकडी आहे. बोटीच्या वेळेच्या तासभर आधी धक्क्यावर असावे; रिक्षा आदल्या रात्रीच सांगून ठेवावी, पहाटेच्या बोटीसाठी तर नक्कीच.

किनाऱ्यावरचे शंख, कवड्या आणि प्रवाळाचे तुकडे मुलांच्या खिशात आपोआप जातात. ते हॉटेल सोडण्यापूर्वी काढून वाळूवर परत ठेवावेत. प्रवाळाला आणि अनेक शंखांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतले जातात. त्यावर दंड वा कारवाईही होऊ शकते. दुकानातून शंखाची वस्तू घेतली असल्यास पावती जपून ठेवावी. याखेरीज आणखी एक कारण आहे. रात्री विजेरी घेऊन वाळूवर गेलात तर शेकडो शंख चालताना दिसतील. त्यांत संन्यासी खेकडे राहतात. अंग वाढले की ते जुना शंख सोडून मोठ्या रिकाम्या शंखात शिरतात, आणि तो मिळाला नाही तर बाटलीच्या झाकणातही संसार थाटतात. खोलीबाहेर ओट्यावर रात्रभर ठेवलेले बूट त्यांना फार आवडतात, म्हणून निघण्याच्या सकाळी पाय घालण्यापूर्वी बूट उलटे करून झटकावेत.